बैल जुंपलेली मोटार आणि तिचे पेटते दिवे

आमच्या जुन्या शाळेची स्मरणिका गेल्या आठवड्यात टपालाने आली. तिच्या संपादकांना मी तिसरीत शिकवले आहे. त्यांचे शुद्धलेखन निर्दोष आहे, हे मी समाधानाने नमूद करतो. मजकुराबद्दल तसे म्हणता येत नाही. 'गावातील गमतीदार माणसे' या सदरात त्यांनी आप्पांवर अर्धे पान खर्च केले असून त्यात असे म्हटले आहे की, आप्पांना मोटारीला मोठमोठे दिवे बसवण्याचा षौक होता, त्या दिव्यांनी अखेर बॅटरी खाऊन टाकली आणि एके सायंकाळी त्यांची मोटार बैल जुंपून गावात आणावी लागली.

मोटार बैल जुंपून आणली, हे खरे. तिच्या मागच्या बाकावर मी बसलो होतो. परंतु ज्यांनी ती वेशीतून आत येताना पाहिली, त्या सर्वांनी हेही पाहिले की तिचे दोन्ही दिवे लखलखीत पेटलेले होते. बॅटरी उतरली होती तर मग दिवे कशावर पेटले होते? बैलांच्या शेपटांवर? साठ वर्षे हा किस्सा पारावर सांगितला जात आहे आणि साठ वर्षांत एकालाही हा प्रश्न पडला नाही.

खरी गोष्ट निराळी आहे. आप्पांना दिसेनासे होत चालले होते आणि ते दोष दिव्यांना देत होते. त्या दोन वर्षांत बॅटरीला काहीही झालेले नव्हते. पणाला लागले होते ते एवढेच, की ज्या माणसाने स्वतःच्या मोटारीचा स्क्रू कधी परक्या हाताला लावू दिला नाही, त्याच्या हातात तिचे चक्र यापुढे राहणार की नाही. हे गावात सर्वप्रथम माझ्या ध्यानात आले. म्हणून हे लिहिण्याचा अधिकारही माझाच आहे.

मी तळोद्याहून शहाद्याकडे येणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावी, लोणखेड्याच्या अलीकडे, दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षे होती. आप्पा हे तिथले बडे शेतकरी. कापसाच्या कोठीवरची माडी त्यांनी मला राहायला दिली आणि भाड्याच्या ऐवजी माझे इंग्रजी मागितले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ते मोटारीचे सुटे सामान व्ही. पी. ने मागवीत, आणि त्याच्याशी भांडायला त्यांना इंग्रजी येत नव्हते.

त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात, जिथे इतर प्रतिष्ठित माणसे फाउंटन पेन लावीत, तिथे पेचकस असे. मोटार उघड्या टपाची, अमेरिकन, सेकंडहँड. तालुक्यात दुसऱ्याही मोटारी होत्या, पण त्यांचे मालक मागे बसत आणि नोकर चालवीत. आप्पा स्वतः चालवीत, स्वतः उघडीत, स्वतः जोडीत. दिव्याचा गोळा, म्हणजे ज्याला आज बल्ब म्हणतात तो, बदलताना तर ते देवपूजेसारखे हातपाय धुऊन बसत. आधी काचेच्या कड्याचा खालचा स्क्रू काढायचा, कडे आणि काच उतरवून पाटावर पालथी ठेवायची, मग गोळा मलमलीच्या फडक्यात धरायचा. "दाबा, फिरावा, सोडी द्या," असे ते दर वेळी मोठ्याने म्हणत; कारण त्या गोळ्याच्या बुडाला दोन खुंट्या असत आणि तो दाबून, किंचित फिरवून सोडला की आपोआप हातात येई. जोर केला की फुटे. हे तीन शब्द त्यांनी सगळ्या जगाला लावले होते. अडेल बैलापासून मामलेदारापर्यंत कोणाशीही कसे वागावे असे विचारले, की उत्तर ठरलेले: "दाबा, फिरावा, सोडी द्या. जोर कराना नही." माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी मला हाच उपदेश केला. तो मी पाळला नाही आणि त्याचे परिणाम भोगले. पण तो विषय वेगळा.

गोळा बदलला की परीक्षा असे. कोठीची एक भिंत त्यांनी केवळ या कामासाठी चुन्याने पांढरी करून ठेवली होती. दिवेलागणीला मोटार तिच्यासमोर पंचवीस पावलांवर उभी करायची. भिंतीवर गेरूची एक आडवी रेघ होती, दिव्याच्या मध्यापेक्षा चार बोटे खाली. ती रेघ मी ओढली होती. प्रकाशाचा गाभा त्या रेघेवर पडला पाहिजे, वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि खाली गेला तर आपल्याला रस्ता दिसत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. तो अगदी बरोबर होता. भिंतीशी हातात काठी घेऊन त्यांच्या पत्नी उभ्या राहत. त्यांना आम्ही सारे मायच म्हणत असू. आप्पा मोटारीतून ओरडत, "कोठे शे?" माय काठीने गाभा दाखवीत आणि म्हणत, "आठे शे." मग आप्पा दिव्याची मान वरखाली करीत.

मी गेलो तेव्हा मोटारीत मूळचे, कारखान्यातून आलेले, एकवीस कँडलचे, म्हणजे एकवीस मेणबत्त्यांच्या उजेडाचे, गोळे होते. एका संध्याकाळी आप्पांनी दिवे लावले, बराच वेळ भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, ह्या दिवा म्हातारा व्हयी गयात. बत्तीसना मांगाडा."

बत्तीसचे आले. एक पावसाळा बरे वाटले. दिवाळीच्या सुमारास पुन्हा तेच. "त्या मुंबईवालाले लिखा. म्हना, तुन्हा गोयापेक्षा मन्हा गोठाना कंदील बरा." मी ते सभ्य इंग्रजीत लिहिले. उत्तर आले की, गोळे तपासूनच पाठवले आहेत, कृपया दिव्याची आतली वाटी पाहावी. तिचा रुपेरी मुलामा काळवंडला असेल तर प्रकाश मरतो. वाटी घासण्याची रीतही त्यांनी कळवली होती: अत्यंत बारीक काजळी, मऊ फडके आणि स्पिरिटचे दोन थेंब, कारण दुसऱ्या कशानेही त्या नाजूक चांदीवर ओरखडे उठतात.

इथे मला आणखी एका प्रवादाचा समाचार घेतला पाहिजे. आप्पा मोटारीला नजर लागू नये म्हणून तिच्या डोळ्यांत काजळ घालीत, असे गावात अजून सांगतात. आमचे न्हावी तर ते हावभावांसह सांगत. हे धादांत खोटे आहे. ती चांदी उजळण्याची शास्त्रोक्त रीत होती आणि ते पत्र मी स्वतः वाचून दाखवले होते. एवढे मात्र खरे, की काजळी मायच्या घरच्या काजळाच्या डबीतून आली. माय एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचे पात्र धरून काजळ पाडीत. आप्पा ओसरीवर बसून वाटी घासत होते, डबी निम्मी झाली होती, आणि माय दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "दिवास्ना डोयास्ले काजय घाली ऱ्हायनात. सोताना डोयास्ले कव्हय घालशात?"

आप्पा म्हणाले, "मन्हा डोयास्ले काय व्हयेल शे?"

माय आत वळल्या. मला ते नवराबायकोचे नेहमीचे टोमणे वाटले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला बरेच काही कळते अशी माझी समजूत होती.

वाटी आरशासारखी झाली. प्रकाश तरीही "मरेलच", म्हणजे मेलेलाच. दुसरे पत्र गेले. उत्तर आले: कृपया तारा पाहाव्यात, जुन्या तारांत वीज वाटेतच जिरते. आप्पांनी आठ दिवस मोटारीखाली झोपून सगळ्या तारा बदलल्या आणि दुपटीने जाड घातल्या. जिथे तार मोटारीच्या लोखंडाला टेकते तिथला गंज कानशीने घासून लोखंड पांढरे केले. मी पाहत होतो; भिंतीवरचा उजेड खरोखर दीडपट झाला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे कापून त्यांनी काचेखाली बसवले, म्हणजे आमच्याकडची धूळ दिव्यात शिरणार नाही. इतके नेटके काम मी पुढे शहरातल्या कारखान्यांतही पाहिले नाही. "आते?" मी विचारले. आप्पा भिंतीकडे पाहत राहिले. "थोडासा फरक शे," ते म्हणाले. "पन्नासना मांगाडा."

पन्नास कँडलचे गोळे आले आणि गावात आप्पांचा शत्रुपक्ष निर्माण झाला. रस्त्याने समोरून गाडी आली की बैल बिचकत, गाडीवान दोन्ही हातांनी तोंड झाकीत. पोलीस पाटील एकदा चावडीसमोर मोटार अडवून म्हणाले, "आप्पा, दिवास्ले थोडी लाज ठेवा. मन्हा बईल दोन दिन चारा खात नही."

"उजाया कोठे शे रे भो त्यास्मा?" आप्पा अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाले. "मले खड्डा बी दिखत नही."

लोकांना हा उद्धटपणा वाटला. स्मरणिकेत 'षौक' हा शब्द आला आहे तो तिथूनच.

दुसरा बोभाटा मायविषयी होता. त्या काळी बायका मोटारीत बसल्याच तर मागे, पदर ओढून बसत. माय पुढे बसत, आप्पांच्या डाव्या हाताला, आणि मोटार चालू असेपर्यंत त्यांचे ओठ सारखे हलत असत. आप्पांच्या हाकण्याची भीती वाटते म्हणून म्हातारी रामनाम घेते, असे गावाने ठरवून टाकले. हेही असत्य आहे, हे पुढे दिसेल. बाई पुढे बसते याचीच लोकांना जास्त टोचणी होती. त्याच पोलीस पाटलांनी भर बाजारात विचारले, "काय आप्पा, मोटर तुम्ही चालाडतस का माय चालाडस?"

आप्पा क्षणभरही थांबले नाहीत. "दोन्ही जन. गाडाले बी दोन बईल लागतस ना?"

बाजार हसला. मायही पदराआड हसल्या. मी या उत्तराला त्या वेळी निव्वळ हजरजबाबीपणा समजलो.

आता मुंबईचे तिसरे पत्र. पन्नासच्या गोळ्यांविषयी मी लिहिलेली तक्रार जरा तिखट होती, हे मान्य करतो. उत्तर थंड होते. गोळे निर्दोष आहेत, वाटी घासली आहे, तारा नव्या आहेत, असे आपणच कळवले आहे. तरी आता राहिलेला भाग तपासून घ्यावा. बस्स, एवढेच. मी ते पत्र ओसरीवर उभा राहून वाचले. राहिलेला भाग म्हणजे काय हे मला त्या क्षणी समजले. मी आप्पांकडे पाहिले. सकाळचे लख्ख ऊन होते. ते गोळ्याच्या खुंटीत कापसाचा धागा अडकला आहे का ते पाहण्यासाठी गोळा नाकाला टेकवून बघत होते, आणि त्यांच्या उजव्या बुबुळावर ताकाच्या थेंबासारखे पांढुरके काहीतरी आले होते.

"काय म्हनस तो?" त्यांनी विचारले.

"गोळे बरोबर आहेत म्हणतो," मी म्हणालो. आणि शेवटचे वाक्य गिळले.

का गिळले, हे सांगतो. कारण यावरून मला भित्रा म्हणणारे लोकही भेटले आहेत. आप्पांना तू आंधळा होत आहेस असे सांगणे म्हणजे उद्यापासून तू मोटार हाकू नकोस असे सांगणे होते. नोकर ठेवून मागे बसणारे ते नव्हते. त्यांनी मोटारच विकून टाकली असती, आणि पेचकस खिशातून काढून ठेवलेल्या आप्पांची मला कल्पना करवेना. मी योग्य वेळेची वाट पाहत होतो. ती वेळ माझ्याशिवायच आली.

त्या हिवाळ्यात खापर गावच्या बाजारात गुजरातकडची एक नामी बैलजोडी येणार असल्याची बातमी होती. आप्पा, माय आणि मी सकाळी निघालो. जोडी आप्पांना पसंत पडली नाही. एका बैलाच्या शिंगावर त्यांनी हात फिरवला, दुसऱ्याच्या दातांवर बोट फिरवले, आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "रंग पक्का नही." मला तेव्हा विनोद वाटला, नंतर लक्षात आले की त्यांनी दोन्ही बैल हातानेच पाहिले होते.

परतताना तळोदे मागे टाकले तेव्हा सूर्य बुडत होता. मी मागच्या बाकावर होतो. नेहमी टपाच्या फडफडाटात पुढचे काही ऐकू येत नसे. त्या दिवशी टप दुमडलेले होते आणि वारा आमच्या दिशेने होता. मायचे रामनाम मला प्रथमच नीट ऐकू आले.

"डावाकडे खड्डा शे. समोर काही नही. समोर काही नही. बाभूय शे, फांदी खाले उनी. आते वयन शे, उजवाकडे. दोन गाडा शेत, लांब शेत. पहिलं उनं. जवय उनं. गयं. दुसरं उनं. गयं. म्हसी शेत, थांबा. चाला."

एका सुरात, ओव्यांसारखे, न थकता. आणि आप्पांचे हात त्या शब्दांबरोबर चक्रावर वळत होते. दिवे पेटलेले होते, पन्नास पन्नास कँडलचे, आणि त्यांचा त्या माणसाला काडीचा उपयोग नव्हता. ते त्या आवाजाच्या उजेडात मोटार हाकीत होते.

तिथून पुढे मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरून बसलो. मग आमच्या गावाच्या अलीकडे दीड कोसावर गोरज झाली. रानातून परतणारी गुरे रस्ता ओलांडून गेली आणि धुळीचा भिंतीएवढा लोट मोटारीवर आला. माय म्हणत होत्या, "धुय शे, हळू. धुय शे, काही..." आणि धूळ त्यांच्या घशात गेली. त्यांना ठसका लागला. एक ठसका, दुसरा, तिसरा. शब्द फुटेना.

आप्पांनी दोन्ही पाय दाबून मोटार जागच्या जागी उभी केली. मी पुढच्या बाकाच्या पाठीवर आदळलो.

"काय झाले, आप्पा? का थांबलात?"

"ती बोलनी नही," आप्पा म्हणाले.

तेवढेच. जणू इंजिनाचा आवाज बदलला म्हणून थांबलो, असे. आणि त्याच वेळी धुळीतून एक रिकामी बैलगाडी आमच्या समोर उभी राहिली. बैलांची तोंडे मोटारीच्या दिव्यांपासून दोन हातांवर होती. गाडीवान दिपलेल्या डोळ्यांवर मनगट धरून ओरडत होता, "बंद करा तो उजाया! मन्हा बईल मरतीन!"

मायचा ठसका थांबला. त्यांनी पदराने तोंड पुसले. दार उघडले, खाली उतरल्या, मागचे दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि पदर कपाळापर्यंत ओढला.

"हाई काय?" आप्पा मागे वळून म्हणाले.

"आजपाईन मी आठेच बठसू," माय म्हणाल्या. "बाया मांगेच बठतस. सगया गावले टोचस ना?"

"मंग मी घर कसा जाऊ?"

"तुम्हना दिवास्ले विचारा. पन्नासना शेत ना?"

आप्पांनी चक्र घट्ट धरले आणि समोर पाहिले. मी मागून त्यांची मान पाहत होतो. मग त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरले, बोनेटला हात लावीत लावीत पुढे गेले आणि गाडीवानाला म्हणाले, "भाऊ, तुन्हा बईल मोकया कर. मोटरले लाव."

गाडीवान ओळखीचा होता. सरकी काढण्याच्या जिनवर कापूस टाकून परतत होता. तो आप्पांकडे, मग मायकडे, मग पुन्हा आप्पांकडे पाहत राहिला. "काय बिघडनं, आप्पा?"

"काही बिघडेल नही."

"मंग कसाले?"

"लाव म्हनस ना!"

गाडीवान बैल सोडताना पुटपुटला, "लावस बाप्पा. पन मन्हा बईल पेट्रोल पेत नहीत, सांगी देस." मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला त्याने आपली रिकामी गाडी बांधून दिली. बैल मोटारीला जुंपले गेले. आप्पा चक्र धरून बसले. पुढे गाडीवान बैलांच्या बाजूने चालत होता. निघताना तो म्हणाला, "आते तरी दिवा बंद करा." आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बईलस्ना मांगून उजाया पडस, त्यास्ले रस्ता दिखी." आणि खरोखर बैलांना त्या प्रकाशाचा त्रास झाला नाही. तो त्यांच्या पाठीवर होता. त्यांच्या सावल्या रस्त्यावर हत्तींएवढ्या पडल्या होत्या.

अशी ती मोटार दिवेलागण होऊन गेल्यावर वेशीतून आत आली. पार गच्च भरलेला होता. पोलीस पाटील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आप्पा! बॅटरी बठनी का?"

आप्पांनी एकदा मागे पाहिले. मागे माय ताठ बसल्या होत्या.

"हां भो," आप्पा म्हणाले. "बॅटरी मांगे जाई बठनी."

पार हसला, 'बॅटरी बसली' एवढेच ऐकले आणि साठ वर्षे तेच सांगत राहिला. समोरचे दिवे त्यांना दिसत होते, पण त्यावरून काही निष्कर्ष काढण्याची त्यांना सवय नव्हती.

मोटार आठ दिवस छपराखाली उभी होती. आप्पा रोज तिच्यात जाऊन बसत, चक्राला हात लावीत आणि उतरत. डाव्या बाजूची जागा रिकामी असे. माय स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत, पण रोज त्यांच्या आवडीचे कळण्याच्या भाकरीचे ताट वेळेवर येई. दाबले, फिरवले, आता सोडून दिले होते. नवव्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या माडीच्या पायऱ्या भिंतीला हात लावीत चढून आले आणि म्हणाले, "मास्तर, नंदुरबारहून सुरतनी गाडी कव्हय शे?"

सुरतेच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन, काढले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून आप्पांना उताणे निजवले होते. त्या दिवसांत त्यांनी शेजारच्या सर्व रोग्यांना दिव्याचा गोळा बदलण्याची रीत शिकवली, असे माय सांगत. उन्हाळा लागता लागता ते बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावून परत आले. त्या चष्म्यातून त्यांचे डोळे मोटारीच्या दिव्यांएवढे दिसत.

पहिल्याच संध्याकाळी मोटार भिंतीसमोर आली. माय काठी घेऊन आपल्या जागी उभ्या राहिल्या. मी बाजूला होतो. आप्पांनी कळ दाबली.

भिंत उजळली. आप्पांनी चटकन हात डोळ्यांसमोर धरला, मग सावकाश खाली घेतला. ते पाहत राहिले. भिंतीवरची पाल, चुन्याचे पोपडे, गेरूची रेघ. "मास्तर," ते म्हणाले, "हाई रेघ वाकडी शे."

मी सांगितले की रेघ सरळ असून भिंत वाकडी आहे. माझे आजही तेच मत आहे.

पण ते ऐकत नव्हते. ते मायकडे पाहत होते. माय नेहमीप्रमाणे काठी रेघेवर धरून उभ्या होत्या आणि नेहमीप्रमाणेच त्यांनी डोळे गच्च मिटून मान वळवली होती. गालावरून पाणी ओघळत होते, जसे गेली दोन वर्षे दर परीक्षेच्या संध्याकाळी ओघळत असे. आम्ही ते पाहत होतो. आप्पा आज प्रथमच पाहत होते. माय म्हणाल्या, "आठे शे."

आप्पांनी दिवे बंद केले. मग हलकेच म्हणाले, "इतला उजाया मी लोकेस्ना तोंडवर फेकेत व्हतू? तुन्हा बी?"

माय काठी भिंतीला टेकवून आत गेल्या आणि फडताळातून एक पुरचुंडी घेऊन आल्या. आप्पांच्या मांडीवर ठेवली. घरच्या पिंजलेल्या कापसात गुंडाळलेले दोन गोळे होते. एकवीस कँडलचे. मूळचे, कारखान्यातून आलेले.

"फेकी नव्हतात दिधात?" आप्पा म्हणाले.

"नही. ठी दिधात."

"कसाले?"

"लागतीन म्हनीसन."

"तुले कव्हयपाईन मालूम व्हतं?"

"तुम्ही पहिला गोया बदला तव्हयपाईन," माय म्हणाल्या. "गोया चांगला व्हता."

आता या लेखाच्या आरंभी मी केलेला एक दावा मला मागे घेतला पाहिजे. सर्वप्रथम मायला कळले. माझ्या आधी एक वर्षाहून अधिक. आणि 'ती बोलनी नही' असे जो म्हणू शकतो, त्याला स्वतःला कळलेले नव्हते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. तात्पर्य, त्या घरात सर्वांत शेवटी कळले ते इंग्रजी येणाऱ्या माणसाला. स्मरणिकेच्या संपादकांनी माझी चूक काढायचीच असेल तर ही काढावी. बाकी मजकुरात त्यांना ती सापडणार नाही.

आप्पांनी हातपाय धुतले. काच उतरवली. दाबले, फिरवले, सोडले. एकवीसचे गोळे जागेवर बसले. घासलेल्या वाटीत, नव्या तारांवर, तो जुना उजेड भिंतीवर असा शांत पडला की माय डोळे न मिटता त्याच्यात उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शहाद्याला जायचे होते. मी सवयीने मागे बसलो. माय आल्या आणि दोन दारांच्या मध्ये थांबल्या. आप्पांनी समोर पाहतच डावीकडचे दार आतून उघडले.

"आते मले दिखस," ते म्हणाले.

"दिखू द्या ना. मले बी दिखस," माय म्हणाल्या आणि पुढे बसल्या.

वेस ओलांडली. टप दुमडलेले होते, वारा आमच्या दिशेने होता.

"डावाकडे खड्डा शे."

"हां."

"समोर गाडं शे."

"हां. दिखनं."

"मंग थांबा ना. त्यास्ले जाऊ द्या पहिले."

आप्पांनी मोटार रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. आप्पांची मोटार आपल्यासाठी थांबलेली पाहून समोरचा गाडीवान जाताना दचकून पाहत राहिला.